दुसरी ओळ

उषाबाई बोरसेला सिंगापूरला जायचं होतं, आणि जायच्या आधीच ती इतकी दमली होती की कुणी नुसतं "राहू दे बाई, नको जाऊस" म्हटलं असतं, तरी तिनं आहे तिथे फतकल मारून "सुटले एकदाची" म्हटलं असतं. पण तसं म्हणणारं घरात कुणी नव्हतं. सहल ठरली होती. सत्त्याण्णवच्या दिवाळीत यंत्रमागांची लूमखाती बंद झाली की सहा दिवस, लिंबायतमधल्या अकरा कुटुंबांबरोबर, प्रवीणभाई टूरवाल्याच्या मागे मागे. विमान, हॉटेल, दोन वेळचं जेवण, सगळं मुलानं, योगेंद्रनं भरलं होतं. तो कतारगामला हिऱ्यांच्या एका कारखान्यात नोकरीला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की पारोळा सोडून सुरतेला आल्यापासून सत्तावीस वर्षांत आईबापानं सुट्टी घेतली ती फक्त लग्नांना आणि दहाव्या-बाराव्यांना.

राहता राहिले हातखर्चाचे डॉलर.

इथे उषाबाईनं तोंड उघडलं आणि तिथून सगळं सुरू झालं. अकरा वर्षं ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत होती. ठेकेदार भटूभाऊ सकाळी गठ्ठा टाकायचा, वर एक नमुन्याची साडी ठेवायचा आणि संध्याकाळी येऊन उचलायचा. नमुन्यात जिथे टिकली तिथेच टिकली, दोराभर इकडे नाही की तिकडे नाही. एखादी साडी अर्धवट निघाली तर तिचे पैसे कापले जायचे, म्हणून हातातलं पुरं केल्याशिवाय उषाबाई पाणी प्यायलाही उठायची नाही. त्या कमाईतले थोडे थोडे तिनं पोस्टात टाकले होते, आणि ते गेल्या महिन्यात हातात आले होते.

"डॉलर माझ्या पैशाचे घ्यायचे," ती म्हणाली. "आणि माझ्या नावावर."

तिचा नवरा शालिग्राम आधी हसला. मग बायकोच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं. "घे बाई," तो म्हणाला. "पण भाव मी बघणार."

अरे देवा! त्या माणसाला दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, भाव विचारायचं. गूळ दोन रुपयांनी स्वस्त मिळतो म्हणून हा बारडोलीला जायचा, आणि गाडीभाड्याचं कुणी विचारलं की ऐकू आलं नाही असं दाखवायचा. तसं त्याला खरंच कमी ऐकू यायचं. बिघडलेले माग दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यात कान गेले. खात्यात शंभर माग एकदम धडधडतात, तिथे तोंडानं बोलून उपयोग नाही, सगळं हातांनी. तळवा आडवा फिरवला की माग थांबव. मूठ तोंडाशी नेली की चहा. अंगठा बोटावर चोळला की भाव काय, मजुरी काय, जे काय पैशाचं असेल ते. ही भाषा तो घरी घेऊन आला होता आणि उषाबाईलाही ती येत होती. बाहेर मात्र तो तोंडानं बोलायचा, आणि इतक्या मोठ्यानं, की त्याचं खाजगी असं काही उरायचंच नाही.

तर दसरा झाला आणि पायपीट सुरू झाली. शालिग्राम रातपाळीला होता. सकाळी सातला सुटायचा, अंगावर दोन तांबे ओतायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, आणि झोपायच्या ऐवजी पायात चपला घालायचा. डॉलर उषाबाईच्या नावावर, पासपोर्ट उषाबाईचा, म्हणून उषाबाईलाही निघावं लागायचं. रिंग रोडवरच्या बँकेत एक भाव. स्टेशनसमोर दुसरा. नानपुऱ्यात पैसे बदलून देणारं एक ऑफिस होतं, तिथे तिसरा. तिन्ही बघून घरी यावं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही बदललेले. काल चार पैसे वर होता, आज दोन पैसे खाली आहे, म्हणजे उद्या अजून खाली येणार, उद्या घेऊ. उद्या गेलं की सहा पैसे वर. मग शालिग्राम चुकचुकायचा, जसं काही त्या भावानं त्याला शब्द दिला होता आणि मोडला.

"अहो, सहलीला पाय लागणार आहेत," चौथ्या दिवशी उषाबाई म्हणाली. "ते इथेच संपवू नका."

"पाचशे डॉलर घ्यायचेत. दहा पैसे वाचले तर किती होतात?"

"पन्नास रुपये होतात. रिक्षाला आत्तापर्यंत सत्तर गेले."

हे त्याला ऐकू आलं नाही.

कतारगामला एक गृहस्थ होता, तो सगळ्यांपेक्षा चाळीस पैसे कमी लावत होता. पण पावती नाही, पासपोर्टवर शिक्का नाही, काही नाही. चाळीस पैसे म्हटल्यावर शालिग्रामच्या डोळ्यांतली झोप उडाली. उषाबाईनं त्याला जिन्यातच अडवलं.

"उद्या विमानतळावर विचारलं कुणी, कुठून आणले, तर कोणाला धरतील?"

शालिग्राम विचारात पडला. "तुला," तो म्हणाला. "पासपोर्ट तुझा आहे."

"मग चला खाली."

ऑक्टोबरचं ऊन म्हणजे नुसता जाळ. घरी यायला एक वाजायचा, तोवर भटूभाऊचा गठ्ठा दारात तसाच पडलेला. मग टिकल्या लावत बसायचं ते दिवेलागण होऊन जाईपर्यंत. पायांचे तुकडे पडलेले, डोळे चुरचुरतायत, आणि समोर शालिग्राम तासभर डुलकी काढून पुन्हा रातपाळीला निघालेला. त्याचंही तोंड उतरलेलं असायचं. उषाबाईला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की तिला अजूनच थकल्यासारखं व्हायचं. सूनबाई सुषमा म्हणायची, "आई, एकदाचे घेऊन टाका हो." घेऊन टाका! सांगायला काय जातं? भाव उतरायला हवा ना.

दहाव्या दिवशी नानपुऱ्याच्या ऑफिसातल्या चष्मेवाल्या साहेबालाच त्यांची दया आली. दहा दिवस रोज ही दोघं येतात, फळ्यावरचा भाव वाचतात आणि निघून जातात. त्यानं विचारलं, "काका, रोकडे डॉलरच पाहिजेत का? ट्रॅव्हलर्स चेक घ्या ना. भाव तीस पैशांनी कमी पडेल."

"तीस पैसे?" शालिग्राम ओरडलाच.

साहेबानं समजावून सांगितलं. पन्नास डॉलरचा एक, असे दहा चेक. हरवले तरी कंपनी परत देते. चेकवर दोन ओळी असतात. वरच्या ओळीवर आत्ता, इथे, साहेबासमोर सही करायची. खालची ओळ रिकामी ठेवायची. तिथे सिंगापूरला चेक वटवताना, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दुसरी सही करायची. तो माणूस दोन्ही सह्या ताडून बघणार, जुळल्या तर पैसे देणार.

उषाबाईनं ऐकलं ते एवढंच. सही!

ती सही गिरवायला लागली त्याला दोन वर्षं झाली होती. शेजारच्या शांताबाईबरोबर म्युनिसिपालिटीच्या शाळेत प्रौढांच्या वर्गाला जायची, आणि घरी आली की तिच्या बोटांना टिकल्यांचा डिंक आणि पाटीचा खडू दोन्ही लागलेलं असायचं. 'उषाबाई बोरसे' एवढं तिला छान यायचं. पण छान यायचं ते कुणी बघत नसलं की. पासपोर्टच्या फॉर्मवर तिनं घरी बसून सही केली होती, पंख्याखाली, सुषमा शेजारी शेंगा सोलत होती आणि तिचं इकडे लक्षही नव्हतं. ती सही उषाबाई अधूनमधून पासपोर्ट उघडून बघायची.

"साहेब, सही येते तिला," शालिग्राम अख्ख्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आधी अंगठाच होता! रात्रीच्या वर्गात शिकली. जरा वेळ लागतो, पण येते."

मागे रांगेत दोन कॉलेजातली पोरं होती, एक साडीवाल्यांचं जोडपं होतं, एक म्हातारा पारशी होता. सगळ्यांनी उषाबाईकडे पाहिलं. त्यात वाईट असं काही नसेलही, पण तिला भुई दुभंगावी असं झालं. त्यात घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी. अकराला फळ्यावर नवीन भाव लागायचा.

"लवकर कर," शालिग्राम म्हणाला. "भाव बदलेल."

पहिल्या चेकवर उ काढतानाच तिचा हात कापायला लागला. अक्षरं एकमेकांवर चढली. वरची रेघ सरळ जाईना, रेल्वेखालच्या गरनाळ्यातून वर निघालेल्या रिक्षासारखी चढतच गेली. दुसऱ्यावर तसंच. "लवकर." तिसऱ्यावर तसंच. घामानं पेन सटकत होतं. दहावा संपला तेव्हा अकराला एक मिनिट होतं, आणि शालिग्रामच्या तोंडावर असा आनंद, की लग्नातसुद्धा तिनं तो पाहिला नव्हता.

"बेन," साहेब शेवटचं एकदा म्हणाला, "आ नीचेनी लाइन खाली राखजो हां."

खालची ओळ रिकामी ठेवायची, कळलं. ती मान हलवून बाहेर आली.

घरी आल्यावर शालिग्राम दोन दिवस सगळ्या गल्लीला सांगत होता, तीस पैसे, तीस पैसे. उषाबाईनं चेक देवाच्या फोटोमागे ठेवले आणि तिची झोप गेली. ती मनातल्या मनात सिंगापूरला पोचायची. एक गोरा की पिवळा कसला तो माणूस काचेमागे बसलाय, मागे रांग आहे, लिंबायतची अकराच्या अकरा कुटुंबं बघतायत, आणि ती सही करतेय. सही चांगली आली तर ती त्या वाकड्या सहीशी जुळणार नाही. वाकडी करायला जावं तर तशीच वाकडी येणार नाही. मग तो माणूस म्हणणार, ही बाई ती नव्हे. आणि शालिग्राम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार, आधी अंगठाच होता.

आपल्याच पैशाला आपणच चोर ठरायचं, असा प्रकार!

ती साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर सराव करायला लागली. सरावात सही सुबक यायची, पासपोर्टवरच्यासारखी. सुबक आली की तिला अजूनच धास्ती बसायची. चेकवरच्या सहीशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

वसुबारसेच्या दुपारी घरात कुणी नव्हतं. तीस साड्या पुऱ्या झाल्या होत्या, गठ्ठा बांधून ठेवला होता, हात कामाच्या लयीत होते. उषाबाईनं चेक काढले आणि पाटावर मांडले. वर सही, खाली रिकामी ओळ. दहाही तसेच. अर्धवट माल. अकरा वर्षांत तिनं कधी असा माल घरात ठेवला नव्हता. आणि मग तिला एकदम वाटलं, अगं, हा तर नमुना आहे. वर नमुना आहे आणि खाली त्याच्याबरहुकूम उतरवायचंय. हेच तर तू दिवसभर करतेस!

साहेबानं काय सांगितलं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. विसरली नव्हती. पण परक्या माणसासमोर हात कापणार त्यापेक्षा इथे निवांत करून ठेवलं तर बिघडलं कुठे? तिथे गेल्यावर नुसता पुढे करायचा, ही घ्या सही. तिनं पेन धरलं. वरच्या सहीतला उ जिथे पडला होता तिथेच तिनं खालचा पाडला, ब जिथे ढेपाळला होता तिथेच ढेपाळू दिला, रेघ जशी चढली तशी चढवली. दहा चेक, दहा सह्या, एकूण एक जुळलेल्या. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली, भरदुपारी, पाटाशेजारीच.

संध्याकाळी प्रवीणभाई सगळ्यांचे कागद तपासत फिरत होता. शालिग्राम रातपाळीला निघायच्या तयारीत होता. उषाबाईनं चेक स्वतः आणून प्रवीणभाईच्या हातात दिले, जरा तोऱ्यातच.

त्यानं पहिला बघितला. दुसरा बघितला. मग पत्त्यांसारखे सगळे पसरले.

"भाभी, हे काय केलं?"

"केल्या ना सह्या. बघा, जुळतात."

"अहो, जुळतात म्हणूनच तर घोटाळा! आता हे कुणीही उचलावेत आणि वटवावेत. आणि तुम्ही घेऊन गेलात तर तिथला माणूस म्हणेल, माझ्यासमोर कुठे केली सही? हे कोणी घेणार नाही." त्यानं कपाळाला हात लावला. "दहाच्या दहा! एखादा तरी सोडायचात."

उषाबाई शालिग्रामकडे बघायला लागली. त्यानं सगळं ऐकलं होतं की नुसतं प्रवीणभाईच्या कपाळावरच्या हातावरून ओळखलं होतं, कोण जाणे. दहा दिवसांची मोडलेली झोप त्याच्या डोळ्यांत लाल होऊन साचली होती.

"दहा दिवस," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज मोठा नव्हता. "दहा दिवस मी जळत्या उन्हात फिरलो. एकेका पैशासाठी फिरलो. यापेक्षा तुझा अंगठाच बरा होता."

डबा न घेताच तो निघून गेला.

प्रवीणभाई "बघू, बघू" करत सटकला. सुषमा धावत आली, पण उषाबाई भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिला रडू येईना. रडायलासुद्धा अंगात काही लागतं. अंगठाच बरा होता! दोन वर्षं त्या वर्गात लहान पोरांच्या बाकावर गुडघे मोडून बसली, त्याची ही किंमत. एवढा भाव विचारणारा माणूस, त्यानं तिच्या सहीचा भाव केला तो हा.

"माले नही जावानं," ती सुषमाला म्हणाली. जीव फार दुखला की ती सगळं सोडून माहेरच्या बोलीवर यायची. "कुठेच नही जावानं."

"आई, असं नका ना म्हणू."

"मग काय म्हणू?"

सुषमानं सासूच्या पायाला तेल लावलं, आणि ते बरं केलं.

सकाळी सातला शालिग्राम आला. अंगावर सुताचा बुरा, ओठ सुकलेले. आंघोळ नाही, भाकरी नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "चल."

"कुठे?"

"नानपुऱ्याला. चेक घे. पासपोर्ट घे."

तिनं नको म्हणायला तोंड उघडलं, पण नको म्हणण्यासाठी वाद घालावा लागला असता. ती उठली आणि चपला घालून निघाली.

ऑफिस उघडलं तेव्हा धनतेरस असल्यामुळे गर्दी होती. चष्मेवाल्या साहेबानं चेक उलटसुलट पाहिले, वरची सही, खालची सही, पुन्हा वरची.

"बेन, जुळतात तर इतक्या, की मला भीती वाटते," तो म्हणाला. "माणसाच्या दोन सह्या इतक्या सारख्या येत नाहीत." मग त्यानं एक चेक पालथा घातला. "असं करू. मागच्या बाजूला माझ्यासमोर सही करा. ती जुळली, तर हे चेक परत घेऊन नवीन देता येतील. नाही जुळली तर मात्र माझ्या हातात काही नाही."

म्हणजे सिंगापूर इथेच आलं म्हणायचं. काच आहे, साहेब आहे, मागे रांग आहे. आणि नमुना पालथा पडलाय, दिसत नाही.

उषाबाईनं पेन घेतलं. गंमत अशी, की हात कापला नाही. कापायला भीती लागते, आणि भीती काल रात्रीच संपली होती; जे ऐकायची भीती होती ते घरातल्याच माणसाच्या तोंडून ऐकून झालं होतं. तिनं उ काढला. सावकाश. ष काढला. रेघ ओढली, ती सरळ गेली.

साहेबानं चेक उलटा-सुलटा केला, चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला.

"बेन, ही तर वेगळीच आहे. पुढच्या दोन एका हाताच्या, ही दुसऱ्या हाताची. यातली खरी कुठली?"

उषाबाईला वाटलं, आता कान फाटतील असं शालिग्राम काहीतरी बोलणार. तो बोलायच्या आत तीच बोलली.

"ही," तिनं बोट ठेवलं. "ही माझी. पुढची वरची आहे ना, ती घाबरून केलेली. आणि खालची तिच्यावरून उतरवलेली. तिथे परक्या माणसापुढे हात कापेल म्हणून घरी करून ठेवली. मला माहीत होतं रिकामी ठेवायची ते. चूक माझी आहे. पण पैसे माझे आहेत आणि सही ही माझी आहे."

साहेबानं हात पुढे केला. "पासपोर्ट."

त्यानं सहीचं पान उघडलं आणि चेकच्या मागे धरलं. पंख्याखाली बसून केलेली ती सही आणि आत्ताची ही, दोन बहिणी शेजारी उभ्या केल्यासारख्या दिसत होत्या. तो दोन्ही घेऊन आत मोठ्या साहेबाकडे गेला. बराच वेळ आला नाही. उषाबाईनं काउंटरची कड घट्ट धरून ठेवली होती. शेजारी शालिग्राम उभ्या उभ्या पेंगत होता आणि दचकून जागा होत होता.

"होईल," साहेब आल्यावर म्हणाला. "बाकीच्या नऊंच्या मागेही सही करा. जुने रद्द करतो, नवीन देतो. पण एक आहे, काका. आम्ही परत घेतो तो भाव वेगळा आणि देतो तो वेगळा. त्यात आज डॉलर चढलाय. फळ्यावर बघून घ्या. वरचे पैसे भरावे लागतील, आणि ते थोडेथोडके नाहीत. विचार करून सांगा."

उषाबाईनं डोळे मिटले. आता हा फळा बघणार. आता बोटांवर आकडेमोड करणार, उद्या येऊ म्हणणार, उद्या उतरेल म्हणणार. आणि परवा तर दिवाळी.

शालिग्रामनं फळ्याकडे पाठ केली होती. त्यानं खिशातून दिवाळीच्या बोनसचं पाकीट काढलं, अजून फोडलेलंसुद्धा नव्हतं, आणि काचेखालून आत सरकवलं. "यातून घ्या जे लागतील ते," तो म्हणाला. मग तो रांगेकडे वळला आणि पुन्हा त्याचा तो गडगडाटी आवाज सुटला, "भाऊ, जरा वेळ लागेल हां! बाईला सह्या करायच्यात!"

कुणी हसलं नाही. हसलं असेल तरी उषाबाईनं वळून बघितलं नाही. तिनं नऊ चेकांच्या मागे सह्या केल्या. मग नवे दहा चेक समोर आले, कोरे, करकरीत. तिनं पहिल्यावर पेन टेकवलं आणि सवयीनं नवऱ्याकडे बघितलं, लवकर म्हणतोय का ते बघायला. त्यानं तळवा आडवा फिरवला. माग थांबव. सावकाश.

दहा चेक झाले. रेघा सरळ होत्या. खाली दहा ओळी रिकाम्या होत्या, आणि त्या तशाच ठेवून तिनं पेनाला टोपण लावलं. हात शिवशिवला, नाही असं नाही.

बाहेर ऊन तापलं होतं, रस्त्यावर फटाक्यांच्या गाड्यांची आणि टेम्पोंची हीऽ गर्दी. पायऱ्या उतरता उतरता शालिग्रामनं कठडा धरला. त्या कोलाहलात काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून उषाबाईनं त्याच्या समोर हात धरून अंगठा बोटावर चोळला. भाव काय लागला?

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. मान हलवली.

"नाही विचारला," तो म्हणाला, आणि खाली पायरीवर बसला. तीही त्याच्या शेजारी बसली, कारण रिक्षापर्यंत चालायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं.